ओवारे (घानातला बियांचा खेळ): नियम कळलेत, पण डाव कसा जिंकायचा?

तेमाकर:
नमस्कार मंडळी. कामानिमित्त सध्या घानात आहे, अक्राजवळ तेमा बंदराच्या बाजूला. आमच्या ऑफिसच्या गेटशी आंब्याच्या झाडाखाली जेवणाच्या सुट्टीत ड्रायव्हर आणि सिक्युरिटीवाले ओवारे खेळत बसतात, लाकडाचा घडीचा पट, दोन्ही बाजूला सहा सहा खळगे आणि राखाडी रंगाच्या गोल गुळगुळीत बिया. बघून बघून मला इतका आवडला की आता रोज त्यांच्यात बसतो. खेळ फार वेगात चालतो, बिया टाकताना टकटक आवाज येतो, आणि बघणारे गप्प बसतच नाहीत, हे खेळ ते खेळ असं दोन्हीकडून ओरडत असतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

नियम साधारण कळलेत पण घोळ असा आहे की फोनवर मंकाला नावाचं ॲप घेतलं त्यात वेगळंच आहे, आणि शेजारची लहान मुलं खेळतात ते आणखी वेगळं, त्यांच्यात एखाद्या घरात चार बिया झाल्या की लगेच उचलतात. तर मोठे लोक खेळतात त्याचे नियम कुणीतरी नीट सांगा. आणि दुसरं म्हणजे सगळे जण शेवटच्या घरात बियांचा ढीग लावून ठेवतात, ते कशासाठी? माझा डाव अर्ध्यापर्यंत बरा चालतो, मग एकदम हातात चालच उरत नाही आणि सगळं निसटतं. इकडच्या काकांना विचारलं तर ते हसून म्हणतात बघत राहा, कळेल. बघतोय, पण कुणी मराठीत समजावलं तर बरं होईल.

बियांचा_हिशोब:
वा, या खेळाबद्दल इथे कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. मी बरीच वर्षं ऑनलाइन खेळतोय.

आधी घोळ सोडवू. तुमच्या फोनवर आहे तो बहुतेक कलाह, तो अमेरिकेत तयार झालेला प्रकार, त्यात कडेच्या मोठ्या खळग्यातही बी टाकतात आणि शेवटची बी तिथे पडली की परत चाल मिळते. ओवारेत हे काहीही नाही. कडेचा खळगा फक्त जिंकलेल्या बिया ठेवायला. मुलं खेळतात तो नाम-नाम किंवा अनान-अनान, तोही घानातलाच, चार झाले की उचला. मोठे लोक आणि स्पर्धावाले खेळतात त्याला अबापा म्हणतात, आणि तुम्हाला तोच शिकायचाय.

समजायला सोपं जावं म्हणून घरांना नंबर देतो. तुमची घरं डावीकडून उजवीकडे १ ते ६. पेरणी घड्याळाच्या उलट दिशेने जाते, म्हणून तुमच्या ६ च्या समोरचं घर ७, तिथून पुढे समोरच्याची १२ पर्यंत, आणि १२ हे तुमच्या १ च्या समोर. सुरुवातीला प्रत्येक घरात ४, एकूण ४८ बिया.

आपल्या चालीला आपल्या कुठल्याही एका घरातल्या सगळ्या बिया उचलायच्या आणि पुढच्या घरांत एकेक टाकत जायचं. शेवटची बी समोरच्याच्या घरात पडली आणि त्या घरात आता २ किंवा ३ झाल्या तर त्या तुमच्या. मग त्याच्या लगेच मागचं घर बघायचं, तेही समोरच्याचंच असलं आणि तिथेही २ किंवा ३ असल्या तर त्याही उचलायच्या, असं मागे मागे जायचं, जिथे साखळी तुटली तिथे थांबायचं. उदाहरण: तुमच्या ५ मध्ये ४ बिया आहेत, त्या जातात ६, ७, ८, ९ ला. ९ मध्ये आधी १ होती, आता २ झाल्या, उचला. ८ मध्ये २ होत्या, आता ३, उचला. ७ मध्ये ४ होत्या, आता ५, थांबा. मिळाल्या ५.

इथेच एक सवय लावून घ्या, घराचा नंबर अधिक घरातल्या बिया म्हणजे शेवटची बी कुठे पडणार ते घर. ५ अधिक ४, नऊ. ३ नंबरात ५ असतील तर आठ. तुमच्याकडचे लोक हे नजरेनेच करतात, आपण सुरुवातीला मनात बेरीज करायची.

आणखी तीन नियम जे नवीन माणसाला कुणी सांगत नाही. एखाद्या घरात १२ किंवा जास्त बिया असतील तर फेरी पूर्ण होताना जिथून उचलल्या ते घर सोडून पुढे जायचं, ते घर रिकामंच राहतं. दुसरा, समोरच्याकडे एकही बी नसेल तर त्याला बी मिळेल अशी चाल तुम्हाला खेळावीच लागते, आणि तशी चालच नसेल तर डाव संपला, तुमच्या बाजूच्या सगळ्या बिया तुमच्या. तिसरा, एका चालीत समोरच्याच्या सगळ्याच बिया उचलल्या जात असतील तर बहुतेक स्पर्धांमध्ये चाल चालते पण मारलेलं काही मिळत नाही. हा तिसरा जागोजागी बदलतो, तेव्हा बसायच्या आधी विचारून घ्या. २५ बिया ज्याच्या झाल्या तो जिंकला.

डावपेच रात्री लिहितो, आता कामात आहे.

चिंचोके_आणि_कवड्या:
मी मूळची सांगलीची, लग्नानंतर चेन्नईला. आमच्या सासूबाईंकडे पल्लांगुळीचा लाकडी पट आहे, दोन रांगा, प्रत्येकी सात खळगे, कवड्या नाहीतर चिंचोके घेऊन खेळतात. कर्नाटकात हाच प्रकार अळगुळी मणे म्हणून, मंगळूर-उडुपीकडे चेन्नेमणे. त्यामुळे हा धागा बघून फार आनंद झाला.

पण पल्लांगुळी येत असणाऱ्यांनी ओवारे शिकताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. आमच्याकडे शेवटची बी टाकली की चाल संपत नाही, त्याच्या पुढच्या खळग्यातल्या उचलून परत पेरत जायचं, असं रिकामा खळगा आडवा येईपर्यंत, आणि मग त्या रिकाम्याच्या पलीकडचं जे असेल ते मिळतं. एकेक चाल लांबच लांब जाते आणि कुठे संपेल ते सासूबाईंसारख्या मुरलेल्या बायकांनाच आधी दिसतं. खळग्यात चार जमले की त्याला पसु म्हणजे गाय म्हणतात आणि ज्याचा खळगा तो उचलतो, म्हणजे तुमच्या शेजारच्या मुलांच्या खेळाशी बरंच जुळतं की हे! ओवारेत एक पेरणी झाली की संपलं, म्हणून हिशोब डोळ्यासमोर राहतो, पण त्यामुळेच समोरच्यालाही तो दिसतो.

आणि दादा, त्या राखाडी बिया म्हणताय ते आपले सागरगोटे तर नाहीत?

तेमाकर:
ताई अगदी तेच!! मी इतके दिवस हातात घेऊन खेळतोय, ओळखीच्या वाटत होत्या पण डोक्यात आलंच नाही. आजी ज्यांनी खेळायची, वर उडवून झेलायचे, त्याच. आत्ता खिशातून एक काढून बघितली, तोच करडा रंग, तोच गारपणा, आणि जवळून बघितलं तर अंगावर केसासारख्या बारीक आडव्या रेघा.

बियांचा_हिशोब:
हो, झाड एकच. काटेरी वेल, उष्ण भागातल्या समुद्रकाठी सगळीकडे, आपल्या कोकणातही आणि पश्चिम आफ्रिकेतही. बी इतकी टणक आणि हलकी की समुद्रावर तरंगत लांब जाते. कॅरिबियनमध्ये अँटिग्वा बेटावर हाच खेळ वारी नावाने खेळतात, आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांनी तो तिकडे जपला, आणि तिथेही याच बिया. पुण्या-मुंबईत कुणाला पट करायचा असेल तर काष्ठौषधीच्या दुकानात सागरगोटे मागा, ४८ सारख्या आकाराचे निवडून घ्या, आणि पट नसेल तर अंड्यांचा बारा खणांचा ट्रे चालतो, मी तसंच सुरू केलं होतं.

आता डावपेच. तेमाकर, तुम्ही म्हणालात की हातात चालच उरत नाही, खेळाचं मर्म नेमकं तिथे आहे. नवीन माणूस बिया मोजतो, मुरलेला माणूस चाली मोजतो.

आधी बचाव. तुमच्या घरात १ किंवा २ बिया असतील तर ते घर धोक्यात, ३ किंवा जास्त असतील तर साध्या चालीत ते मारता येत नाही, रिकामं असेल तरी नाही. धोका दिसला की नवीन माणूस लगेच ती बी उचलून पुढे सरकवतो. पण दुसरेही उपाय असतात. २ असतील तर मागच्या घरातून पेरून तिथे ३ करा, मग त्याची बी पडली तरी ४ होतात आणि काही मिळत नाही. (१ असेल तर हा उपाय लागू नाही, २ करून ठेवलं तर तो येऊन ३ करून नेतो.) किंवा त्याच्या ज्या घरातून मार येणार आहे त्याच घरात तुमची एक बी टाका. त्याचा हिशोब एका घराने पुढे सरकतो आणि मार फुकट जातो. हा तिसरा उपाय मला सगळ्यात आवडतो कारण त्यात तुमची चाल वाया जात नाही.

हल्ला करताना एका वेळी दोन घरं धरायची. तुमच्या ३ मध्ये ५ बिया आहेत, त्या पडतात ८ वर, आणि ६ मध्ये ४ आहेत, त्या पडतात १० वर. त्याच्या ८ आणि १० दोन्हीत एकेक. तो एक वाचवेल, दुसरी तुमची. पण आधी बघून घ्या की एकाच चालीत तुमच्या ३ आणि ६ दोन्ही घरांत बी टाकेल असं लांब पोचणारं घर त्याच्याकडे आहे का.

आता तो ढीग. त्याला क्रू म्हणतात. ६ नंबरच्या घरात १२ बिया झाल्या की त्या पूर्ण फेरी मारून, ६ ला वगळून, परत ७ वर पडतात. १३ असतील तर ८ वर, १४ असतील तर ९ वर, १७ पर्यंत असं एकेक पुढे. यातली जादू अशी की दुसऱ्या फेरीत ज्या घरांत बी पडते तिथे एकूण दोन दोन पडलेल्या असतात. म्हणजे रिकामं घर, जे एरवी सुरक्षित, ते २ होऊन मारलं जातं, आणि १ असलेलं घर ३ होऊन मारलं जातं. १५ बियांचा क्रू असेल आणि त्याच्या ७, ८, ९, १० मध्ये एकेक असेल तर एका चालीत १२ बिया. क्रू डावीकडच्या घरातही करता येतो पण मग बिया जास्त लागतात, ५ मध्ये १३, आणि १ मध्ये केला तर १७ झाल्याशिवाय समोर दुसऱ्यांदा पोचतच नाही. म्हणून सगळे जण ढीग उजवीकडे लावतात.

तेमाकर:
हे कळलं, आणि इतकं स्पष्ट मला कुणीच सांगितलं नव्हतं. पण कालचाच डाव सांगतो, बघा यात काय करायला हवं होतं. माझ्या ६ मध्ये १४ आणि माझी बाकी सगळी घरं रिकामी. त्याच्या ७ मध्ये १, ८ मध्ये १, ९, १०, ११ रिकामी, १२ मध्ये ३. मारलेल्या माझ्या १४, त्याच्या १५. मी क्रू सोडला, ३ आणि ३ आणि २, आठ मिळाल्या, झाडाखाली एकच आरडाओरडा. आणि त्याने पुढच्याच चालीला आठच्या आठ परत घेतल्या! उरलेल्या तीन बियांत डावही त्यानेच नेला.

बियांचा_हिशोब:
फार छान डाव लिहून ठेवलात, यातूनच शिकायला मिळतं.

क्रू सुटला तेव्हा काय झालं ते बघा. तुमच्या १ ते ५ मध्ये एकेक बी पडली, म्हणजे पाच घरं, सगळी उघडी. आणि त्याच्या १२ मध्ये होत्या ३, तुम्हीच त्यात एक टाकलीत, झाल्या ४. बारा नंबरातून ४ बिया म्हणजे तुमची १, २, ३, ४. चौथ्या घरात २, तिसऱ्यात २, दुसऱ्यात २, पहिल्यात २, सगळी साखळी त्याची. तुम्हाला मार मिळाला आणि त्याच पेरणीत त्याच्या बंदुकीत गोळीही तुम्हीच भरलीत.

त्या क्षणी तुमच्याकडे दुसरी चाल नव्हती, बाकी घरं रिकामीच होती ना. चूक त्या चालीत नाही, त्याच्या आधीच्या पाच-सहा चालींत आहे. समजा तुमच्या ४ नंबरात २ बिया शिल्लक असत्या. क्रू सुटल्यावर तिथे ३ झाल्या असत्या, त्याची शेवटची बी पडून ४, आणि साखळी सुरूच झाली नसती, एकही बी गेली नसती. दोन बियांनी आठ वाचल्या असत्या. तेव्हा क्रू सोडायच्या आधी त्याची १०, ११, १२ ही घरं बघायची, प्रत्येकात एक वाढवून, आणि मग तिथून तुमच्या कुठल्या घरावर येतो ते मोजायचं.

आणि क्रू बांधताना डावीकडच्या सुट्या बिया उधळू नका. १ नंबरातली एकटी बी म्हणजे पाच चाली, १ वरून २, ३, ४, ५ आणि शेवटी ६ मध्ये जाऊन क्रूतच भर, समोरच्याला काही न देता. अर्थात वाटेत ती एकटी मारली जात नाही ना ते बघत बघत. तुम्ही तशा चाली खेळत राहिलात की समोरच्याला नको असलेली चाल खेळावी लागते, त्याची मोठी घरं फुटतात आणि ७, ८, ९ उघडी पडतात. बुद्धिबळवाले याला झुगझ्वांग म्हणतात. काका बघत राहा म्हणाले ना, त्यांच्या डाव्या बाजूला किती सुट्या बिया राहतात ते बघा, ढिगाकडे नको.

समोरच्याने क्रू लावला असेल तर ज्या घरात त्याची शेवटची बी पडणार तिथे २ किंवा जास्त ठेवा. त्यात दोन पडल्या की चार, साखळी तिथेच तुटली. आणि त्याच्या क्रूमध्ये आपली एक बी टाकून त्याचा शेवट पुढे ढकलता येतो, हेही विसरू नका.

चिंचोके_आणि_कवड्या:
किती सुंदर समजावलंत. एक विचारू का, शेवटी बिया थोड्या राहतात तेव्हा काय करायचं? आमच्याकडे तर पुढच्या फेरीत आपल्या जिंकलेल्या बियांनी आपले खळगे भरायचे, कमी पडले तर तेवढे खळगे बाद, आणि खेळ फेरीमागून फेरी चालतो. इथे एकाच डावात निकाल म्हणजे शेवट फार जपून खेळावा लागत असेल.

बियांचा_हिशोब:
हो, आणि तिथे तो समोरच्याला बी द्यायचा नियम कामाला येतो. समजा त्याच्याकडे फक्त १२ मध्ये १ आहे आणि चाल त्याची. तुमच्या २ मध्ये १, ३ मध्ये १. त्याला १२ वरची बी तुमच्या १ मध्ये टाकावीच लागते. आता त्याची बाजू रिकामी, आणि तुमची कुठलीच बी ७ पर्यंत पोचत नाही. डाव संपला, तिन्ही तुमच्या. पण हेच तुमच्या ३ मध्ये ४ बिया असत्या तर त्या ७ पर्यंत पोचतात, मग ती चाल खेळून त्याला बी द्यावीच लागते. म्हणून शेवटाला आपल्या बिया डावीकडे आणि थोड्या थोड्या ठेवायच्या. आणि दोघंही गोल गोल फिरायला लागले, कुणालाच मार मिळत नाही असं दिसलं, तर ठरवून थांबतात आणि ज्याच्या बाजूला ज्या बिया त्या त्याच्या.

शून्य_ते_अठ्ठेचाळीस:
मी कॉम्प्युटरवाला माणूस, खेळत नाही पण या खेळाबद्दल एक भर घालतो. २००२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या व्रये विद्यापीठात जॉन रोमाईन आणि हेन्री बाल या दोघांनी आवारी, म्हणजे हाच खेळ, पूर्ण सोडवला. १४४ प्रोसेसर एकत्र जोडून सुमारे ८८,९०६ कोटी मांडण्या शेवटाकडून उलट मोजत आणल्या. उत्तर आलं की दोघंही बिनचूक खेळले तर बरोबरी, २४-२४. म्हणजे सुरुवातीच्या मांडणीत पहिली चाल मिळाल्याने कुणी जिंकत नाही. मला यात भारी वाटतं ते असं की नियम चार ओळीत संपतात, बिया फक्त ४८, आणि तरी त्याला अख्खी यंत्रांची फौज लागली.

तेमाकर:
सगळ्यांचे खूप आभार. आज दुपारी फक्त डावीकडे बघत बसलो होतो. काकांच्या १ आणि २ मध्ये कायम एकदोन बिया, आणि ते त्यांना अगदी शेवटपर्यंत हात लावत नाहीत, समोरचा आपली घरं फोडतो तेव्हा मग ते निवांत एक सरकवतात. एवढे दिवस मला ते दिसलंच नव्हतं.

एक प्रश्न राहिला, मोठ्या ढिगातल्या बिया मोजायच्या कशा? त्या एकमेकांवर चढलेल्या असतात, १३ की १४ ते कळत नाही, आणि तिथेच तर सगळा खेळ आहे.

बियांचा_हिशोब:
आपल्या घरातल्या बिया हातात घेऊन मोजू देतात का ते तुमच्या मंडळींना विचारा, पुष्कळ ठिकाणी चालतं, पण समोरच्याच्या घराला हात लावायचा नाही. त्यापेक्षा चांगली सवय म्हणजे ढीग बारा झाल्यापासून प्रत्येक वेळी एक बी पडली की मनात आकडा वाढवत जायचा, त्याच्या ढिगाचाही. आणि मारलेल्या बियांवरूनही ताळा घेता येतो, दोघांच्या मारलेल्या आणि दिसणारी बाकी घरं मिळून ४८ मधून वजा केली की ढीग तेवढाच.

आणि पेरताना उजवा हात वापरा, घानात डाव्या हाताने देणंघेणं उद्धटपणाचं समजतात. पुढचा डाव झाला की मांडणी लिहून इथे टाका, सगळे मिळून बघू.